परदेशी पाहुणे येणार? हार-तुरे कमी करा, कामाचा एक दिवस द्या

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा विषय इथे सविस्तर लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी विषय समजून घेऊ. दुसऱ्या देशातले चार-पाच नोकरी-व्यवसाय करणारे लोक आपल्या भागात येतात. कोणी शिक्षक, कोणी इंजिनिअर, कोणी औषध दुकानदार. ते हॉटेलात उतरत नाहीत, आपल्यापैकी कोणाच्या तरी घरी राहतात. आपलं काम कसं चालतं ते बघतात, त्यांचं कसं चालतं ते सांगतात. पुढे आपल्याकडची तशीच मंडळी त्यांच्या गावी जातात. याला व्यावसायिक आदानप्रदान भेट म्हणतात.

बऱ्याच जणांना वाटतं, हे पुण्या-मुंबईचं काम. आपल्या अमरावती-अकोल्यात कोण येणार? तर येतात. पण आले की आपण काय करतो? स्टेशनवर हार, हॉलमध्ये सत्कार, शाल-श्रीफळ, पाच भाषणं, दुसऱ्या दिवशी चिखलदरा, तिसऱ्या दिवशी टाटा. फोटो पेपरात येतो. पाहुण्याला आपल्या कामाची माहिती होत नाही आणि आपल्याला त्याच्या कामाची.

आजच्या धड्यातला मुद्दा एकच आहे. अशा भेटीचा फायदा स्टेजवर होत नाही, कामाच्या जागेवर होतो. तो दिवस नीट आखला तर छोट्या दुकानदारालाही त्यातून काहीतरी हाती लागतं. नाही आखला तर फक्त बिल हाती लागतं.

१. ही पद्धत आली कुठून

आपल्या भागाला ही देवाणघेवाण नवीन नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे जाऊन कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. त्या काळी अमरावतीहून बर्लिन म्हणजे बोटीचा प्रवास! लक्षात घ्या, ती माणसं नुसती बघायला गेली नव्हती. स्वतःचं काम घेऊन गेली होती.

पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री असताना दिल्लीत १९५९-६० मध्ये जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर तिथे आले होते. जगातली शेती आपल्या शेतकऱ्याने डोळ्यांनी बघावी आणि आपली शेती जगाने बघावी, हाच त्यामागचा विचार. अकोल्याचं कृषी विद्यापीठ आज त्यांच्याच नावाने चालतं.

व्यावसायिकांच्या भेटींना पक्की चौकट दिली ती रोटरी फाउंडेशनने. १९६५ साली त्यांनी ‘ग्रुप स्टडी एक्स्चेंज’ सुरू केलं. त्याचे नियम मुद्दाम सांगतो, कारण आपला आजचा धडा त्यातच आहे:

- टीमचा प्रमुख रोटरीचा सदस्य, पण बाकीचे सगळे रोटरीबाहेरचे.
- वय साधारण २५ ते ४०, आणि माणूस प्रत्यक्ष काम करणारा हवा.
- रोटरी सदस्यांच्या मुलाबाळांना टीममध्ये घेता येत नसे.
- मुक्काम चार ते सहा आठवडे, तोही यजमानांच्या घरी.
- विमानाचं भाडं फाउंडेशनकडे. इथलं राहणं, जेवण, फिरणं यजमानांकडे.
- प्रत्येकाला आपापल्या व्यवसायाच्या जागी नेऊन बसवायचं. त्याला ‘व्होकेशनल डे’ म्हणत.

दुसरा आणि तिसरा नियम परत वाचा. काम करणारा माणूस हवा, घरचा माणूस नको. म्हणजे पुढाऱ्याचा पुतण्या नाही, तर खरंच दुकान, शाळा, वर्कशॉप चालवणारा माणूस. आणि शेवटचा नियम म्हणजे या सगळ्याचा कणा.

रोटरीच्या रचनेत अमरावती आणि अकोला डिस्ट्रिक्ट ३०३० मध्ये येतात. नागपूर, जळगाव, नाशिकही त्याच डिस्ट्रिक्टमध्ये. त्यामुळे आपल्याकडची जुनी रोटरी मंडळी भेटली तर त्या काळच्या पाहुण्यांबद्दल जरूर विचारा, शिकण्यासारखं भरपूर मिळेल.

२. आज कोणते रस्ते आहेत

ग्रुप स्टडी एक्स्चेंज २०१३ मध्ये बंद झालं. त्यानंतरचे तीन रस्ते माहीत असू द्या.

पहिला, व्होकेशनल ट्रेनिंग टीम. हीसुद्धा रोटरीचीच. यात व्यावसायिकांची टीम एखादं ठरावीक कौशल्य शिकवायला किंवा शिकायला दुसऱ्या देशात जाते. दोन देशांतले क्लब किंवा डिस्ट्रिक्ट मिळून प्रस्ताव करतात. नुसतं ‘बघायला येतो’ चालत नाही. नेमकी गरज कोणती आणि भेटीनंतर काय बदलेल, हे आधी लिहून द्यावं लागतं.

दुसरा, फ्रेंडशिप एक्स्चेंज. दोन डिस्ट्रिक्ट एकमेकांकडे पाळीपाळीने जातात. प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा. आखणी मोकळी असते, म्हणून कामाचा दिवस घुसवायला सोपी.

तिसरा, अमेरिकन सरकारचा इंटरनॅशनल व्हिजिटर लीडरशिप प्रोग्राम, १९४० पासूनचा. याला अर्ज करता येत नाही, माणसं त्यांचा दूतावास निवडतो. पण त्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तिथल्या गावांमधली साधी कुटुंबं पाहुण्यांना संध्याकाळी घरी जेवायला बोलावतात. ना स्टेज, ना माईक. चार माणसं, एक टेबल, दोन तास गप्पा.

याशिवाय कॉलेज, कृषी विद्यापीठ, रुग्णालयं, सामाजिक संस्था यांच्याकडे परदेशी अभ्यासक येतच असतात. आपण व्यापारी मंडळी त्यांच्यापर्यंत जात नाही एवढंच. एक पत्र द्या: ‘तुमच्या पाहुण्यांना आमच्या बाजारात अर्धा दिवस द्यायची आमची तयारी आहे.’ संस्थेला असा माणूस हवाच असतो.

३. बोलवायचं कधी

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. आपल्याला सवय आहे, पाहुणा आजारी पडेल. पावसाळ्यात रस्त्यांचा आणि पोटाचा भरवसा नाही.

पण फक्त हवामान बघू नका, काम कधी जोरात असतं ते बघा. बंद जिनिंग दाखवून काय उपयोग? माझ्या मते जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा आपला सगळ्यात चांगला काळ. कापसाची आवक अजून सुरू असते, जिनिंग-प्रेसिंग चालू असतं. नवीन तूर बाजार समितीत आलेली असते, दालमिल जोरात असतात. वरुड-मोर्शीकडे मृग बहाराची संत्री उतरायला लागतात. थंडी असते. एकाच आठवड्यात तीन धंदे चालू स्थितीत दाखवता येतात.

४. जोडी लावा

पाहुण्यांची यादी आली की पहिलं काम जेवणाचा मेनू ठरवायचं नाही. पहिलं काम जोड्या लावायचं. प्रत्येक पाहुण्यासमोर त्याच्याच कामाचा आपला माणूस लिहा.

- औषध दुकानदार असेल तर आपल्या मेडिकलच्या काउंटरवर अर्धा दिवस. आपल्याकडे स्ट्रिप कापून चार गोळ्या देतात. अमेरिकेत गोळ्या मोजून, रुग्णाचं नाव लावलेल्या डबीत देतात. एवढ्या एका फरकावर दोघं तासभर बोलतील.
- रस्ते बांधणारा इंजिनिअर असेल तर अमरावती-अकोला महामार्ग. जून २०२२ मध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. आपण रोज त्यावरून जातो आणि पाहुण्याला सांगायचं विसरतो.
- शेतमाल प्रक्रियेतला असेल तर अकोला. एमआयडीसीतली मोठी दालमिल आणि कृषी विद्यापीठाने तयार केलेली पीकेव्ही मिनी दालमिल, दोन्ही एकाच दिवशी दाखवा. मोठा कारखाना आणि गावातला छोटा उद्योग, दोन्हींचं गणित त्याला समजेल.
- कापड धंद्यातला असेल तर अमरावतीचा ठोक कापडबाजार आणि नांदगाव पेठेचं टेक्सटाईल पार्क.
- शिक्षक असेल तर शाळा. पण स्वागतगीत बसवलेली शाळा नाही, तर नेहमीचा तास चालू असलेली शाळा.

आता यजमान व्यावसायिकाने आधी एक पान तयार करायचं. त्यात पाच गोष्टी: मी काय विकतो किंवा बनवतो, माल कुठून येतो, किती माणसं काम करतात, पैसा कसा आणि कधी येतो, माझी सध्याची सगळ्यात मोठी अडचण कोणती.

पाचवी गोष्ट लिहायला आपली माणसं लाजतात. ‘परदेशी माणसासमोर आपली अडचण कशाला सांगायची?’ अहो, तोच तर मुद्दा आहे! सगळं छान चाललंय म्हटलं की पाहुणा ‘व्हेरी नाइस’ म्हणतो आणि विषय संपतो. ‘माझी उधारी नव्वद दिवस अडकते, तुमच्याकडे काय करता?’ असं विचारलं की तो खुर्ची पुढे ओढून बसतो. त्याच्याकडेही उधारी बुडवणारे असतातच.

भाषेची काळजी करू नका. कॉलेजचा इंग्रजी बोलणारा एखादा मुलगा किंवा मुलगी सोबत ठेवा. त्यांना मानधन द्या, फुकटात राबवू नका. आदल्या दिवशी त्यांना दुकानात आणून धंद्यातले शब्द समजावून सांगा. आडत, हुंडेकरी, तोलाई, मुद्दल, चालू खातं हे शब्द त्यांनाही ठाऊक नसतात.

५. घरी ठेवताना

वऱ्हाडी पाहुणचाराबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? पण आपला आग्रह हाच कधीकधी पाहुण्याला जड जातो. म्हणून हे नियम:

जेवणाचं आधी लेखी विचारा, विशेषतः शेंगदाण्याचं. आपल्याकडे तेल शेंगदाण्याचं, चटणीत कूट, भाजीत कूट. काही लोकांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते. ‘थोडंसं चालतं’ असं यात नसतं. अशी अ‍ॅलर्जी असेल तर स्वयंपाक करणाऱ्या काकूंना स्वतः समजावून सांगा, निरोप पाठवू नका.

झुणका-भाकर, पाटवडी रस्सा, रोडगे जरूर खाऊ घाला. तिखट बाजूला वाटीत द्या. ‘नको’ म्हटलं की एकदाच विचारा, तिसऱ्यांदा वाढू नका. पिण्याचं पाणी सीलबंद.

स्वतंत्र खोली, आतून कडी, कमोड, मच्छरदाणी आणि रोज दोन तास एकांत. आपल्याकडे पाहुणा एकटा बसला की घरच्यांना अपराधी वाटतं. त्याला मात्र तो आराम असतो. शेजारपाजारच्या सगळ्यांना एकाच संध्याकाळी बोलवा, रोज रांग नको.

महिला पाहुणी असेल तर घरात महिला असलेलंच कुटुंब निवडा, आणि तिच्याकडे समितीतल्या एका ताईंचा नंबर असू द्या. घर बदलून हवं असेल तर कारण न विचारता बदलून द्यायचं, हे आधीच ठरवा.

पगार किती, लग्न का नाही केलं, आमच्या मुलाला तिकडे नोकरी मिळेल का, हे तीन प्रश्न घरात सगळ्यांना बंद. तिसरा तर नक्कीच. तो विचारला की पाहुणा पुढचे सगळे दिवस सावध होऊन वागतो.

६. कायद्याचं काम

यात हलगर्जी नको. परदेशी नागरिक तुमच्या घरी मुक्कामाला आला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारच्या पोर्टलवर भरावी लागते. लोक याला ‘फॉर्म सी’ म्हणून ओळखतात. हॉटेलला जो नियम, तोच घरालाही. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५ लागू झालाय, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका. अमरावती शहरात पोलीस आयुक्तालय आणि अकोल्यात पोलीस अधीक्षक कार्यालय, इथल्या परकीय नागरिकांचं काम बघणाऱ्या शाखेत पाहुणे येण्याच्या दोन आठवडे आधी जाऊन या. घर बदललं की नवीन यजमानाने परत माहिती भरायची.

व्हिसा कोणता घ्यायचा हे आपण सांगायचं नाही. आपण फक्त खरं निमंत्रणपत्र द्यायचं: तारखा, कुठे राहणार, काय करणार. त्यावरून पाहुण्याने आपल्या देशातल्या भारतीय दूतावासाला विचारावं. ‘टुरिस्टवर या, चालून जातं’ असं फोनवरही बोलू नका.

आणखी एक. सॅटेलाइट फोन आपल्या देशात परवानगीशिवाय चालत नाही, जवळ सापडला तरी अटक होऊ शकते. डोंगरात फिरणारे काही परदेशी लोक असं यंत्र सवयीने बॅगेत ठेवतात. मेळघाटात जायचं म्हणून तर हमखास. ड्रोनचंही तसंच. निमंत्रणाच्या पत्रातच लिहा: हे दोन्ही घरी ठेवून या. प्रवासी विम्याची प्रत मात्र आधी मागून घ्या.

७. काय दाखवायचं आणि कसं

हा भाग सगळ्यात नाजूक. पाहुणा येण्याआधी विदर्भाबद्दल वाचून येतो, आणि त्याने बहुतेक शेतकरी आत्महत्यांबद्दलच वाचलेलं असतं. तो विचारेल. तेव्हा विषय बदलू नका आणि रडगाणंही लावू नका. कोरडवाहू शेती, पावसाचा लहरीपणा, कर्ज, कापसाचा भाव, जे आपल्याला माहीत आहे ते सरळ सांगा. पण ज्या घरात तसं घडलंय त्या घरी पाहुण्यांना घेऊन जाऊ नका. त्या माउलीचं दुःख म्हणजे आपल्या कार्यक्रमपत्रिकेतली एक ओळ नाही.

मेळघाटातल्या कोरकू पाड्यांचंही तेच. जायचं तर तिथे काम करणाऱ्या संस्थेमार्फत, गावाला विचारून, कामासाठी. डॉक्टर पाहुणा असेल तर आरोग्य केंद्रात बसू द्या. नुसतं ‘आदिवासी बघायला’ गाडी न्यायची नाही.

अमरावतीचं तपोवन बघा. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी उभं केलेलं हे ठिकाण. तिथे पाहुणा नेला तर आधी परवानगी, फोटो विचारून, आणि लक्ष तिथल्या माणसांच्या हातच्या कामाकडे. एक साधी कसोटी वापरा: समोरचा माणूस पाहुण्याला प्रश्न विचारू शकतो का? विचारू शकत असेल तर ती भेट आहे. नुसताच बघितला जात असेल तर ते प्रदर्शन आहे.

८. खर्चाचा हिशेब

उदाहरण म्हणून पाच पाहुणे आणि चार दिवस धरू. आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या गावचे दर टाका.

- गाडी: ४ दिवस × ६,००० = २४,०००
- दुपारचं जेवण: १० माणसं × २५० × ४ = १०,०००
- दुभाषा विद्यार्थी: ४ दिवस × १,००० = ४,०००
- पाणी, छपाई, किरकोळ: ३,०००
- अडीअडचणीला दहा टक्के: ४,१००

एकूण ४५,१००. दहा व्यावसायिकांनी वाटून घेतले तर प्रत्येकी ४,५१०. राहणं आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण घरोघरी. यात हॉल, स्टेज, फ्लेक्स, शाली नाहीत हे बघितलं का? त्या न घेताही भेट पूर्ण होते. वर्गणी ज्यांची, हिशेब त्यांना. भेट संपल्यावर आठ दिवसांत ग्रुपवर टाका.

आता तुम्ही विचाराल, ‘भाऊ, या साडेचार हजारांतून ऑर्डर मिळेल का?’ स्पष्ट सांगतो: ऑर्डर मिळेल म्हणून हे करू नका. पाहुणा खरेदीदार नाही. तो शिक्षक आहे, इंजिनिअर आहे. मिळते ती बाहेरची नजर. आपण रोज जे बघून बघून बघायचं सोडून दिलंय, ते तो पहिल्या तासात विचारतो. हा मजूर दर वेळी इतका का वाकतो? हे बिल दोनदा का लिहिता? ग्राहक उभा का असतो? आपण ज्या प्रश्नाला उत्तर न देता नुसते हसतो, तो प्रश्न वहीत लिहून ठेवा. त्याचीच किंमत ४,५१० रुपये.

९. पाहुणे गेल्यावर

पंधरा दिवसांच्या आत सगळ्या यजमानांची एक बैठक घ्या. प्रत्येकाने तीनच वाक्यं सांगायची: पाहुण्याने मला काय विचारलं, मी त्याला काय विचारलं, माझ्या कामात मी कोणती एक गोष्ट बदलणार. हीच तीन वाक्यं इंग्रजीत करून पाहुण्याला मेल करा. शंभर फोटोंपेक्षा हा एक मेल त्याच्या लक्षात राहील. आणि पुढे आपल्याकडचं कोणी तिकडे जायचं ठरलं, तर ज्याने कामाचा दिवस मनापासून दिला त्याचं नाव आधी सुचवा. खुर्चीवर बसून सत्कार केला त्याचं नाही.

गृहपाठ

पाहुणा ठरलेला नसला तरी हे आजच करता येतं. वर सांगितलेल्या पाच गोष्टींचं एक पान आपल्या धंद्याबद्दल लिहा, मराठीत. मग ते आपल्या धंद्यातल्या नसलेल्या एका ओळखीच्या माणसाला द्या आणि म्हणा, ‘मला तीन प्रश्न विचार.’ एकाही प्रश्नावर तुम्ही अडला नाहीत, तर पान परत लिहा. पाचवी गोष्ट तुम्ही अजून खरी लिहिलेली नाही.

तुमचा अडवणारा प्रश्न व्हिडिओखाली लिहा. त्यातले निवडक पुढच्या धड्यात घेऊ.